हसू की घाबरू? ‘द फेस इन द फ्रॉस्ट’वरून भांडणाऱ्या वाचनगटाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात जणांच्या वाचनगटाने जॉन बेलेर्स या अमेरिकन लेखकाची ‘द फेस इन द फ्रॉस्ट’ ही कादंबरी वाचायला घेतली. दोघं म्हणाले, पोरकट आहे. दोघांनी कबूल केलं की त्या रात्री दिवा लावून झोपलो. एकीला सुरुवात आवडली, पण शेवट गुंडाळल्यासारखा वाटला. एकाने चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलं. सातव्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या ताईंना, दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळे त्यांची जास्तच पंचाईत झाली आहे. त्या विचारतात: हे पुस्तक मोठ्यांचं की लहानांचं? मतं एवढी टोकाची का? बारा वर्षांच्या लेकीला द्यावं का? आणि याचा पुढचा भाग आहे म्हणतात, तो वाचावा का?

मी बावीस वर्षं वाचनकट्टा चालवतोय. त्यात हे पुस्तक तीनदा घेतलं, दर वेळी वेगळी माणसं होती आणि दर वेळी भांडण झालं. तेही जवळपास तुमच्यासारखंच. तेव्हा ताई, तुमच्या गटात काही बिघडलेलं नाही. हे पुस्तक माणसांना असंच फोडतं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कादंबरी 1969 साली न्यू यॉर्कच्या मॅकमिलनने काढली. चित्रं मॅरिलिन फित्शेन यांची. पुस्तक लहानखुरं आहे, पावणेदोनशे पानांच्या आसपास. नायक प्रॉस्पेरो हा उंच, हडकुळा, विस्कटलेल्या दाढीचा म्हातारा विझार्ड. (जादूगार म्हटलं की टोपीतून ससा काढणारा आठवतो, मांत्रिक म्हटलं की अंगारा आणि टाचणी टोचलेलं लिंबू. म्हणून मी कट्ट्यावर सरळ विझार्डच म्हणतो, शुद्ध मराठीवाल्यांनी माफ करावं.) शेक्सपिअरच्या नाटकातला प्रॉस्पेरो तो हा नव्हे, हे लेखक पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. तो राहतो अडगळीने भरलेल्या, नक्षीकामाने विद्रूप झालेल्या एका दुमजली घरात. घरात एक आगाऊ आरसा आहे. तो बेसूर गातो, टोमणे मारतो आणि मनात आलं की विसाव्या शतकातल्या बेसबॉलच्या मॅचेस दाखवतो. मग इंग्लंडहून त्याचा मित्र रॉजर बेकन येतो. घराभोवती काहीतरी दबा धरून बसलंय हे दोघांच्या लक्षात येतं. दोघं स्वतःला इवलंसं करून घेतात आणि घराखालच्या ओढ्यातून खेळण्यातल्या जहाजात बसून पळ काढतात. या सगळ्याच्या मागे मेलिकस आहे, प्रॉस्पेरोचा जुना सहाध्यायी. त्याच्या हाती न उलगडणाऱ्या लिपीतला एक ग्रंथ लागलेला आहे, आणि तो ग्रंथ वाचणाऱ्यालाच हळूहळू गिळतो आहे.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की हे तर मुलांचं. ‘पोरकट’वाल्या दोघांचं नेमकं इथेच चुकतं, पण त्यांचं का चुकतं ते नीट सांगायला हवं. ‘तुम्हाला कळलंच नाही’ असं म्हणून गट चालत नाही.

माझ्या अनुभवात सगळ्यांच्या तक्रारीचा गाभा एकच असतो: ‘लेखकाने एकदा ठरवावं, हसवायचंय की घाबरवायचंय.’ गंमत म्हणजे ही तक्रार आपल्याकडे फार जुनी आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात कोणता रस कोणाचा वैरी याची यादी दिली आहे. हास्याचे तिथे दोन वैरी: भयानक आणि करुण. म्हणजे तुमच्या गटातले ते दोघं नकळत चौदाव्या शतकातल्या शास्त्राला धरूनच बोलत होते. पण त्याच्याही पाच शतकं आधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यावरची पळवाट सांगून ठेवली होती. दोन वैरी रस एकापाठोपाठ आणायचेच असतील तर मध्ये तिसरा बसवा. त्याचं उदाहरण ‘नागानंद’ नाटकाचं आहे. तिथे शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो आणि जोड दिसेनाशी होते.

बेलेर्सने ‘ध्वन्यालोक’ वाचला असेल असं मी अजिबात सुचवत नाही. पण त्याच्या पुस्तकात अद्भुत हेच काम करतो, हे एकदा लक्षात आलं की पानं वेगळी वाचली जातात. तो आरसाच घ्या. आरसा बोलतो, ही गंमत आहे. पण जो आरसा तुमच्याआमच्या काळातली मॅच दाखवू शकतो, तो आणखी काय दाखवू शकेल? वाचक हसत असतानाच त्याने एक गोष्ट मान्य केलेली असते, की या घरात वस्तूंना मन आहे. ती कबुली लेखक वीसेक पानांनी वसूल करतो. तेव्हा वस्तूंना मन असतंच, फक्त ते प्रॉस्पेरोच्या बाजूने नसतं. चुटका आणि भीती दोन्ही एकाच दारातून आत येतात. म्हणून मी म्हणतो की या पुस्तकातला विनोद भीतीपासून सुटका देण्यासाठी नाही. भीती बसवण्यासाठीची जमीन तो सारवून ठेवतो.

आता फाइव्ह डायल्स या गावाच्या प्रकरणाकडे येऊ. दिवा लावून झोपलेल्या दोघांना विचारा, ते हेच प्रकरण सांगतील. तिन्ही वेळा आमच्याकडेही हेच झालं. प्रॉस्पेरो एकटा आहे, रॉजर सोबत नाही, आणि संध्याकाळी तो एका गावात पोचतो. गाव साधंच. खाणावळ आहे, मालक आहे, खोली मिळते. पहिल्यांदा वाचताना आपण चक्क निश्वास टाकतो की चला, गरीब म्हाताऱ्याला एकदाची पाठ टेकायला मिळाली. आणि मग लेखक एकेक वीट काढून घ्यायला लागतो. रक्त नाही, किंकाळी नाही. फक्त हे गाव गावासारखं वागत नाहीये, माणसं माणसांच्या जागी उभी केल्यासारखी आहेत, हे हळूहळू जाणवू लागतं. सगळा देखावा आहे आणि देखाव्याच्या आत पोकळी आहे.

पहिल्या वेळी आमच्या कट्ट्यावर रत्नागिरीकडचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. इंग्रजी वाचन बेताचं, पण चिकाटी दांडगी. बाकीचे ‘सर्रिअल’, ‘गॉथिक’ असले शब्द फेकत होते. ते सगळ्यांचं ऐकून घेत शांतपणे म्हणाले, “अहो, हा चकवा आहे. दुसरं काय?” आणि खरंच, त्याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. चकव्यात भूत दिसत नाही. ओळखीची वाट असते, ओळखीचं झाड असतं, आणि तुम्ही चालत चालत पुन्हा त्याच झाडापाशी येता. ओळखीच्या गोष्टीनेच दगा दिलेला असतो. ज्यांनी लहानपणी आजीकडून चकव्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकाच्या नावातली भीतीही याच जातीची आहे: खिडकीच्या काचेवर दहिवर गोठतं, नक्षी उमटते, आणि त्या नक्षीत चेहरा दिसतो. आपल्याकडे काचेवर दहिवर गोठत नाही, पण भिंतीच्या ओलीत किंवा छताच्या पोपड्यात तापातल्या रात्री चेहरे पाहिलेले नाहीत असा माणूस विरळा.

आता उरलेली मतं. ती कोणत्या बाजूने पुस्तकात शिरलात यावर ठरतात.

टोलकिनच्या वाटेने येणारे बहुतेक वेळा हिरमुसतात. 1965 मध्ये त्याच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पेपरबॅक आवृत्त्या अमेरिकेत आल्या आणि सगळा देश त्यावर तुटून पडला. त्यानंतर चारच वर्षांनी हे पुस्तक आलं. बेलेर्सने स्वतः सांगून ठेवलंय की हा टोलकिनच्या धर्तीवरचा एक लहानसा प्रयत्न होता. पण टोलकिनचा विझार्ड गॅन्डाल्फ त्याला माणूस म्हणून फारसा भावला नाही, तो नुसताच भला वाटला. म्हणून त्याने आपल्या विझार्डला स्वतःचे फोबिया आणि स्वतःचा चक्रमपणा देऊन टाकला. माझ्या मते पुस्तकाची किल्ली इथे आहे. प्रॉस्पेरो घाबरतो. मंत्र येत असूनही घाबरतो. त्याच्याकडे सत्ता नाही, सेना नाही, भविष्यवाणी नाही. आहे ती थोडी विद्या, एक जिगरी दोस्त आणि झोप उडवणारी कल्पनाशक्ती. नकाशा, वंशावळ आणि रणांगण शोधत आलेल्या वाचकाला उत्तरेचं राज्य, दक्षिणेचं राज्य आणि मध्ये एक नदी एवढाच भूगोल मिळतो, आणि तोही लेखक चेष्टेवारी नेतो. चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटणारे तुमचे सदस्य याच वाटेने आलेले असावेत असा माझा अंदाज. त्यांना विचारून बघा.

उलट त्याच परंपरेतल्या जाणत्यांनी मात्र ते डोक्यावर घेतलं. लिन कार्टर या संपादकाने 1973 मध्ये कल्पनारम्य साहित्यावर लिहिलेल्या पुस्तकात, टोलकिननंतरच्या उत्तम कादंबऱ्यांत याची गणना केली. 1979 मध्ये गॅरी गायगॅक्सने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या मार्गदर्शिकेत, त्या खेळाला प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांची एक पुरवणी जोडली. त्यातही हे आहे. त्यामुळे खेळाडूंची एक अख्खी पिढी त्या यादीच्या बोटाला धरून इथवर आली. ते वाचतात ते जादूचं यंत्र कसं चालतं हे बघायला. आमच्या तिसऱ्या फेरीत असा एक पंचविशीतला मुलगा होता. त्याला भीती वाटली नाही, हसूही फारसं आलं नाही, पण विझार्डच्या खोलीतला पसारा त्याने इतक्या प्रेमाने वर्णन केला की मीच पुन्हा वाचायला बसलो.

तिसरी वाट उलटी आहे, आणि ‘मोठ्यांचं की लहानांचं’ या प्रश्नाचं मूळ तिच्यात आहे. बेलेर्स जगाला माहीत आहे तो मुलांचा लेखक म्हणून. 1973 मध्ये त्याचं ‘द हाऊस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स’ आलं, एडवर्ड गोरी यांच्या चित्रांसह. 2018 मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. ती गोष्ट त्याने आधी मोठ्यांसाठी लिहिली होती. मुलांसाठी करून द्या, अशी सूचना आली आणि त्याचं उरलेलं आयुष्य त्याच वाटेने गेलं. 1991 मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, तो वारला. म्हणजे ‘फेस इन द फ्रॉस्ट’ हे मुलांच्या लेखकाने मोठ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक नव्हे. तो मुलांचा लेखक होण्याआधीचं ते आहे. मोठ्यांसाठीच लिहिलेलं, पण मुलांसारखं घाबरायला लाज न वाटणाऱ्या मोठ्यांसाठी. मराठी वाचकाला हे अवघड जाऊ नये. बेलेर्सच्याच वर्षी, 1938 मध्ये, जन्मलेले रत्नाकर मतकरी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण लिहीत होते आणि रात्री वाचू नये अशा गूढकथाही लिहीत होते. हात एकच होता, आणि आपण कधी विचारलं नाही की मतकरी नेमके कोणाचे.

रॉजर बेकनबद्दल थोडं रेंगाळतो, कारण बहुतेक वाचक त्याला नुसता गमतीदार मित्र समजून पुढे जातात. हा बेकन खरा होता: तेराव्या शतकातला फ्रान्सिस्कन साधू, प्रकाशशास्त्रावर लिहिणारा, 1267 च्या सुमारास पोपसाठी ‘ओपस मायस’ हा मोठा ग्रंथ पाठवणारा. पुढे लोकांनी त्याला विझार्ड करून टाकलं. आपल्याकडे विद्वानाच्या नावावर चमत्कार चिकटतात तसंच. दंतकथा अशी की त्याने पितळेचं बोलणारं डोकं बनवलं आणि सगळ्या इंग्लंडभोवती पितळेची भिंत उभारायचा घाट घातला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट ग्रीनने यावर नाटकही लिहिलं. बेलेर्सच्या पुस्तकात ही भिंत पितळेऐवजी काचेची होऊन बसते आणि बेकनची इंग्लंडमध्ये छी थू होते. ज्याला मूळ दंतकथा माहीत आहे तो इथे खो खो हसतो. ज्याला नाही त्याला ही निव्वळ बाष्कळ कोटी वाटते. आणि तो न उलगडणारा ग्रंथ! त्यावरून जाणत्यांना व्हॉयनिच हस्तलिखित आठवतं. 1912 मध्ये व्हॉयनिच नावाच्या ग्रंथविक्रेत्याने ते विकत घेतलं. त्याची लिपी आजही कोणाला सर्वमान्य पद्धतीने वाचता आलेली नाही, आणि पुष्कळ काळ ते याच बेकनचं मानलं जायचं. नंतरच्या चाचणीत त्याचं चामडं पंधराव्या शतकातलं निघालं, तेव्हा बेकन सुटला. हे हस्तलिखित येल विद्यापीठाला भेट मिळालं ते साल 1969, म्हणजे कादंबरीचंच. यात योगायोगापलीकडे काही शोधू नका, पण कट्ट्यावर सांगायला झकास आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की ‘पोरकट’ म्हणणाऱ्यांपैकी अर्धे जण खरं तर बाहेर राहिलेले असतात. बेलेर्स कॅथलिक विद्यापीठात शिकला, इंग्रजीचा पदवीधर, आणि त्याचं पहिलं पुस्तकच चर्चच्या संतचरित्रांची टिंगल करणारं होतं. लॅटिन, मठ, जुनी नाटकं हे त्याचं घरचं अंगण. ज्याने कधी कीर्तन ऐकलं नाही त्याला कीर्तनाचं विडंबन वाचायला दिलं तर काय होईल? तसंच. माझा सल्ला: प्रत्येक संदर्भ शोधत बसू नका. आमच्या दुसऱ्या फेरीत एका बाईंनी वहीत एकशे दहा टिपा काढल्या आणि शेवटी म्हणाल्या, सगळं कळलं, पण भीती नाही वाटली. बरोबरच आहे. दर तिसऱ्या ओळीला फोन उचलला तर चकवा कसा लागणार?

आता जे खटकतं ते. शेवटाबद्दलची तक्रार मला मान्य आहे, आणि पुस्तक माझं लाडकं असूनही मी तिथे वकिली करत नाही. प्रॉस्पेरो एका वेगळ्याच जगात, साधारण आपल्याच काळातल्या एका घरात, जाऊन पोचतो. कल्पना देखणी आहे. पण मेलिकसशी जो हिशोब दीडशे पानं थकवून ठेवला तो फार झटपट चुकता होतो. नायकाने काही मोठं केलं, असंही धड वाटत नाही. काही वाचक म्हणतात, भित्र्या माणसाच्या गोष्टीचा शेवट असाच प्रामाणिक. मला हे समर्थन मागाहून सुचलेलं वाटतं. मला तरी दिसतं ते एवढंच की वातावरण उभं करणं हा या लेखकाचा हातखंडा होता आणि गाठ सोडवणं हा नव्हता. मधलं कथानकही प्रसंगांची माळ आहे. दोनतीन मणी काढले तरी दोरा तुटणार नाही. दुसरं म्हणजे लक्षात राहावं असं एकही स्त्रीपात्र पुस्तकात नाही. तिसऱ्या फेरीत तरुण मुलींनी हे पहिल्या पाच मिनिटांत काढलं. पहिल्या फेरीत कोणालाच जाणवलं नव्हतं, मलाही नाही.

लेकीचं विचारलंत. बारा वर्षांची वाचणारी मुलगी असेल तर द्या, पण आधी घड्याळाच्या घराची ती गोष्ट द्या. तिथे तिच्या बरोबरीचा मुलगा आहे, काका आहे, शेजारीण आहे, म्हणजे भीतीत धरायला हात आहेत. इथे मात्र दोन म्हातारे आहेत, आणि फाइव्ह डायल्समध्ये तर एकच. रक्तपात, अभद्र असं काही नाही, त्या बाजूने निर्धास्त राहा. एकटीने रात्री वाचू नको एवढं सांगा, म्हणजे ती हमखास रात्रीच वाचेल.

गटाची पुढची बैठक होणार असेल तर एक करून बघा. चर्चा नको. फाइव्ह डायल्सचं प्रकरण कोणीतरी मोठ्याने वाचा, संध्याकाळी, आणि ते वाचन ‘पोरकट’वाल्या दोघांपैकी एकाकडे द्या. मोठ्याने वाचताना विनोदाची वाक्यं आणि भीतीची वाक्यं एकाच लयीत आहेत हे जिभेला कळतं. डोळ्याला ते कळत नाही. आमच्याकडे ज्यांनी वाचलं ते गृहस्थ मध्येच थांबून पाणी प्यायले होते. मत त्यांनी बदललं नाही, पण “हे पान चांगलं आहे” एवढं मान्य केलं.

राहिला पुढचा भाग. ‘द डॉल्फिन क्रॉस’ नावाने बेलेर्सने प्रॉस्पेरोची दुसरी गोष्ट सुरू केली होती, ती अर्धवट राहिली. 2009 मध्ये नेस्फा प्रेसने त्याचं मोठ्यांसाठीचं लेखन ‘मॅजिक मिरर्स’ या एका खंडात छापलं, त्यात हा तुकडाही आहे. तुमच्या गटात शेवटाबद्दल आधीच चिडलेल्या त्या मैत्रिणीला तो देऊ नका. त्याला शेवटच नाही.